पहिला मिल्क स्नेक आणताय? आधी थर्मोस्टॅट समजून घ्या

मी अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझ्याकडे मिल्क स्नेक आहे. नावात मिल्क असलं तरी हा इथला बिनविषारी साप दूध पीत नाही, उंदीर खातो.

साप स्वतःच्या शरीरात फारशी उष्णता तयार करत नाही. ऊब हवी तर गरम बाजूला सरकतो, नको तर थंड बाजूला. म्हणून पेटीची एक बाजू साधारण ३० अंश सेल्सिअस, दुसरी २४ च्या आसपास ठेवायची.

बरेच नवखे लोक स्मार्ट प्लगवर टायमर लावून मोकळे होतात. पण टायमरला वेळ कळते, तापमान नाही! हीट मॅट तापत राहते आणि सापाचं पोट भाजू शकतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर तापमान मोजतो आणि ठरलेल्या अंशाला मॅट बंद करतो. सेन्सर मॅटलाच चिकटवा, हवेत लटकवू नका. वाय-फाय गेलं तरी चालेल असाच थर्मोस्टॅट घ्या. अ‍ॅप फक्त अलर्टपुरतं.

आणि हो, भारतात रानातला साप पकडून घरी ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.