सेकंड हँड ब्रेझा घेताय? आधी साल बघा, मग रंग!



मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे, आता आजूबाजूच्या गावांतून ऑर्डर यायला लागल्यात. म्हणाल्या, "सर, सहा लाखांत ब्रेझा मिळतेय. घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "कुठल्या सालची?"

"पांढरी आहे सर, एकदम नव्यासारखी!"

हसू नका. मीही हेच केलं होतं. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी जुनी गाडी घेतली. रजिस्ट्रेशनची तारीख बघितली, पण गाडी बनली कधी ते बघितलंच नाही. तीन वर्षांनी विकायला गेलो तेव्हा समोरच्याने आरसीवरचा उत्पादनाचा महिना दाखवला आणि सरळ पन्नास हजार कमी केले. गाडी माझ्या समजुतीपेक्षा एका सालाने जुनी होती. ती फी मी भरली, तुम्ही भरू नका.

नाव एक, गाड्या तीन

मार्च २०१६ मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा आली ती फक्त डिझेलमध्ये. १.३ लिटरचं, मूळ फियाटचं इंजिन, ९० पीएस ताकद. सुरुवातीला फक्त मॅन्युअल गिअर. खालच्या व्हेरियंटमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस सरसकट नव्हते, ते ऑप्शनमध्ये घ्यावे लागायचे.

मे २०१८ मध्ये मोठा बदल झाला. दोन एअरबॅग, एबीएस आणि रिव्हर्स सेन्सर सगळ्या व्हेरियंटना मिळाले. एएमटी गिअरही आला. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी या गाडीला ४ स्टार मिळाले.

फेब्रुवारी २०२० मध्ये डिझेल बंद, १.५ लिटर पेट्रोल सुरू. १०५ पीएस, बीएस-६. ऑटोमॅटिकमध्ये ४ स्पीडचा गिअरबॉक्स आणि माइल्ड हायब्रिड.

३० जून २०२२ ला नवी पिढी आली. नावातलं 'विटारा' गेलं, ऑटोमॅटिक ६ स्पीडचं झालं, वरच्या व्हेरियंटला ६ एअरबॅग आणि सनरूफ. मार्च २०२३ पासून सीएनजीसुद्धा.

आता कळलं ना, नुसतं "ब्रेझा आहे" म्हणून का चालत नाही?

मग कुठलं साल घ्यायचं?

माझा साधा नियम: कुठल्याही मॉडेलचं पहिलं वर्ष शक्यतो टाळा आणि मोठी सुधारणा झाल्यानंतरचं साल पकडा. पहिल्या वर्षातल्या बारीकसारीक तक्रारी कंपनी पुढे दुरुस्त करत जाते.

डिझेल हवं असेल तर मे २०१८ नंतर बनलेली. पेट्रोल हवं असेल तर २०२१ किंवा २०२२ च्या सुरुवातीची. २०१६-१७ ची स्वस्त मिळेल, पण त्यात एअरबॅग किती आणि एबीएस आहे का, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. शिवाय खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. जितकी जुनी घ्याल तितकी पुढची वर्षं कमी, आणि बँकही लोनची मुदत कमी देते.

डिझेल की पेट्रोल? वही काढा

समजा महिन्याला १,५०० किलोमीटर फिरता. प्रत्यक्षात डिझेल १८ चं आणि पेट्रोल १४ चं मायलेज देतं असं धरू. डिझेल ९० रुपये, पेट्रोल १०४ रुपये. डिझेलचा खर्च ७,५००, पेट्रोलचा साधारण ११,१००. महिन्याला ३,६०० वाचले.

पण ५०० किलोमीटरच फिरत असाल तर बचत फक्त १,२००. जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा बिघडला की अशी कित्येक महिन्यांची बचत एका बिलात जाते. कमी रनिंगला पेट्रोलच बरं.

टोकन देण्याआधी

१. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. २०२० चं पासिंग म्हणजे पेट्रोलच असं नाही. बीएस-४ डिझेल गाड्या मार्च २०२० पर्यंत रजिस्टर होत होत्या.

२. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

३. बाकी ई-चलन तपासा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

४. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मागा आणि आपला मेकॅनिक सोबत न्या. हजार-दोन हजार गेले तरी चालतील.

ताईंचं काय झालं?

त्यांनी आरसीचा फोटो मागवला. जानेवारी २०२० चं पासिंग, नोव्हेंबर २०१९ चं उत्पादन, डिझेल. गाडी वाईट नव्हती. पण विकणारा "२०२० मॉडेल" म्हणून भाव सांगत होता, आणि ताईंचं रनिंग महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर. त्यात सहा लाखांतले चार लाख म्हणजे मिरची-हळदीच्या सीझनला माल भरायचे पैसे! गाडी दारात आणि गोदाम रिकामं, असा धंदा किती दिवस चालणार?

ताईंनी सध्या टेम्पो भाड्याने लावलाय. सीझन झाल्यावर २०२१ ची पेट्रोल बघणार आहेत, तीही नफ्यातून.

तुम्हीही आज एक काम करा. पुढचे ३० दिवस धंद्यासाठी किती किलोमीटर फिरता ते वहीत लिहा. तो आकडा हातात आला की कुठली गाडी घ्यायची, आणि आत्ता घ्यायची की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जपा, भांडवल जपा!