रोखीचा ग्राहक आणि कर्जाचे घर

मोडकळीस आलेले घर विकत घ्यावे, चार-सहा महिन्यांत त्याची डागडुजी करावी आणि नफ्याने विकावे, हा धंदा अमेरिकेत चांगलाच रूढ आहे. पुष्कळ कुटुंबे कर्ज काढून त्यात उतरतात, आणि पहिल्याच सौद्यात त्यांची गाठ रोख पैसे मोजणाऱ्याशी पडते. तो किंमत थोडी कमी देऊ करतो, तरी घर त्यालाच मिळते. असे का व्हावे?

विकणाऱ्याला हवी असते निश्चिती. बँकेच्या कर्जास महिना-दीड महिना लागतो. शिवाय ज्याचे छप्पर वा स्वयंपाकघर धड नाही, अशा घरावर बँक बहुधा पैसेच देत नाही. रोखीचा व्यवहार आठ-दहा दिवसांतही उरकतो. (आमच्या गोव्यात पती-पत्नी दोघांच्या सह्यांवाचून घर सहसा विकता येत नाही, तेथे आठ दिवसांची भाषा कोण करील!)

म्हणून कर्जदार खासगी सावकाराकडे वळतो. हा सावकार माणसाच्या मिळकतीपेक्षा घराची किंमत पाहतो आणि रक्कम लवकर देतो; पण व्याज शेकडा 10 ते 12, कधी त्याहूनही अधिक, आणि आरंभीच शेकडा दोन-तीन कापून घेतो. दीड लाख डॉलरांवर शेकडा 12 दराने महिन्याला 1,500 डॉलर व्याज झाले, म्हणजे दिवसाला 50. सहा महिन्यांचे 9,000 आणि आरंभीचे 3,000 मिळून 12,000. रोखवाल्याच्या बरोबरीने किंमत द्यावयाची, तर हे सारे आपल्या नफ्यातून जावयाचे.

जाणते लोक हिशेब शेवटाकडून मांडतात. दुरुस्तीनंतर घर 3,00,000 डॉलरांना जाईल, तर त्याचे शेकडा 70 म्हणजे 2,10,000. त्यातून दुरुस्तीचे 50,000 वजा केले, की 1,60,000 च्या वर बोली न्यावयाची नाही. नवख्यांच्या ध्यानी न येणारी गोष्ट वेगळीच आहे: सरकारी हमीचे एफएचए कर्ज काढणाऱ्या ग्राहकाला, काही अपवाद सोडता, नव्या मालकाकडे येऊन 90 दिवस न झालेले घर घेता येत नाही. रंगरंगोटी दीड महिन्यात आटोपली, तरी व्याज चालूच!

काहीजण राहते घर गहाण टाकून स्वतःच रोखवाले बनतात. त्याचे व्याज पुष्कळ कमी पडते खरे. पण सौदा रखडला, तर मुलाबाळांच्या डोक्यावरचे छप्पर पणाला लागते. हा मार्ग आम्हांस सर्वांत धोक्याचा वाटतो.

त्यापेक्षा विकणाऱ्याची अडचण विचारून घेणे बरे. एखाद्या वृद्धेला सामान हलविण्यास महिनाभर हवा असतो, कोणाला जुने फर्निचर तसेच टाकून जावयाचे असते. अशा ठिकाणी कर्जदाराचाही कागद वर येतो.