शाळेचा रंगमंच : आधी टांगणी, मग दिवे

शाळेच्या सभागृहातला रंगमंच तीन गोष्टींवर उभा असतो : भार पेलणारी टांगणी, वीज पोचवणारे वायरिंग आणि त्यानंतर दिवे. पुष्कळ शाळांत खरेदी मात्र नेमकी उलट्या क्रमाने होते. स्नेहसंमेलन तोंडावर आले की रंगीत एलईडी दिवे आणि एखादा फिरता दिवा आणला जातो. मग ते सगळे पंख्याच्या हुकाला नाहीतर पत्र्याखालच्या पट्टीला बाइंडिंग वायरने बांधून टाकतात. त्याच दिव्यांखाली पाचवी-सहावीची मुले नाचणार असतात. म्हणून पैसा कमी असेल तर तो आधी छताकडे आणि विजेच्या बोर्डाकडे वळवावा. दिवे दरवर्षी थोडे थोडे घेता येतात.

पहिले काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे. सभागृहाचे छत स्लॅबचे आहे की लोखंडी कैच्यांवर पत्रा टाकलेला आहे, यावर पुढचे सगळे ठरते. पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या पत्र्याच्या वजनासाठी आणि वाऱ्यासाठी योजलेल्या असतात, दिव्यांसाठी नाही. भार टांगायचा तर तो कैचीच्या सांध्यापाशी, तोही इंजिनिअरने हिशेब करून दिल्यावरच. स्लॅबमध्ये अँकर ठोकले तर त्यांची ओढून चाचणी घ्यावी लागते. फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नये.

भाराचा हिशेब अवघड नसतो. दिवे लावायला दीड इंची जाड लोखंडी पाइप वापरतात. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलीमीटर, आणि दिव्यांचे क्लॅम्प याच मापाचे मिळतात. हा पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. ९ मीटरच्या पाइपचे ३२ किलो, प्रत्येकी ५ किलोच्या आठ दिव्यांचे ४०, केबल आणि प्लगचे १०, म्हणजे एकूण ८२ किलो. डोक्यावर टांगलेल्या वस्तूसाठी निदान पाचपट सुरक्षितता धरण्याची रीत आहे. म्हणजे ४०० किलोंच्या वरच तुटेल अशी सामग्री हवी. चार ठिकाणी टांगले म्हणून भार चार सारख्या वाट्यांत विभागला जातो, असे समजू नये. पाइप दोन्ही टोकांना आणि मध्ये समान अंतरावर दोन ठिकाणी धरला, तर मधल्या प्रत्येक बिंदूवर टोकाच्या बिंदूपेक्षा पावणेतीनपट भार येतो. म्हणून सगळी सामग्री मधल्या बिंदूचा भार धरूनच निवडावी.

टांगणीसाठी नायलॉनची दोरी किंवा बाइंडिंग वायर चालत नाही. पोलादी वायर रोप, शॅकल आणि टर्नबकल वापरावे, आणि प्रत्येक नगावर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला असावा. वायर रोपचा फास क्लिपांनी बांधताना एक चूक वारंवार दिसते. क्लिपेचे दोन भाग असतात : रुंद खोगीर आणि वाकवलेला यू-बोल्ट. भार घेणाऱ्या दोरावर खोगीर बसले पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटे बसवले तर बोल्ट भाराच्याच तारा चेपतो आणि दोर तिथेच कमकुवत होतो. क्लिपा किमान तीन असाव्यात. भार आल्यावर दोर किंचित बारीक होतो, म्हणून नट काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात. शिवाय प्रत्येक दिव्याला क्लॅम्पखेरीज वेगळी सेफ्टी केबल हवी. क्लॅम्प सुटलाच तर दिवा तिच्यावर लटकून राहतो.

पाइप कायमचा बांधलेला असावा की खाली उतरवता यावा? शक्य असेल तर उतरणाराच बरा, कारण मग शिडीवर चढून दिवे लावण्याचा धोका बराच कमी होतो. त्यासाठी आपोआप ब्रेक लागणारी, माणसे उचलताना नव्हे तर सामान उचलताना वापरतात ती हातविंच पुरते. हँडल सोडल्यावर पाइप जागीच थांबला पाहिजे. मोठ्या नाट्यगृहातली तोलवजनाची यंत्रणा शाळेने उभारू नये. तिला रोजचा प्रशिक्षित कामगार लागतो. मुख्य पडद्याचे वजनही हिशेबात धरावे. १० मीटर रुंद, ५ मीटर उंच आणि दीडपट चुण्यांचा मखमली पडदा ३० किलोंच्या आसपास जातो, रुळाचे वजन वेगळे.

विजेत हॅलोजन आणि एलईडी यांतला फरक ठळकपणे दिसतो. १००० वॅटचा एक हॅलोजन पार दिवा २३० व्होल्टवर ४ अँपिअरहून अधिक वीज ओढतो, असे बारा लावले तर ५२ अँपिअर. तेवढा भार वर्गखोल्यांच्या वायरिंगवर टाकणे म्हणजे तारा तापवणे. तेवढेच, प्रत्येकी १५० वॅटचे बारा एलईडी ८ अँपिअरमध्ये भागतात. तरीही रंगमंचासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, प्रत्येक सर्किटला वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग हवेच. ध्वनियंत्रणेची लाइन वेगळी ठेवावी. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, आणि सगळी वीज एका झटक्यात तोडणारा स्विच विंगेत, हाताशी असावा.

हा स्विच आणि पडद्याचे कापड यांना किती महत्त्व आहे, हे २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत दिसले. शाळेच्या वार्षिक समारंभाच्या मांडवात आग लागली, कृत्रिम धाग्याच्या कापडाने ती क्षणात पसरली आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले फार मोठ्या संख्येने होती. म्हणून पडदे अग्निरोधक प्रक्रिया केलेलेच घ्यावेत, तापणारा हॅलोजन कापडापासून दूर ठेवावा, आणि कार्यक्रम चालू असताना एकाही दाराला कुलूप नसावे.

इतके झाल्यावर दिवे. शाळेच्या मंचावर सर्वांत जास्त जाणवणारी उणीव म्हणजे समोरचा प्रकाश. सगळे दिवे मंचाच्या डोक्यावर असतील तर डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात, आणि आईबाप मागच्या रांगेतून आपले मूल शोधत राहतात. उपाय सोपा आहे : प्रेक्षकांच्या डोक्यावर, मंचाच्या कडेपासून दोन-तीन मीटर पुढे एक आडवा पाइप. मंच जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटर आणि पाइप ५ मीटर उंच असला, तर पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर प्रकाश ३५ ते ४५ अंशांनी येतो. येल विद्यापीठातल्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत अजूनही उपयोगी पडते. मंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर डावीकडून-उजवीकडून दोन दिवे टाकायचे, एक उबदार छटेचा, दुसरा थंड. लहान मंचाला सहा भाग पुरतात.

या समोरच्या जागेसाठी उबदार पांढरे एलईडी घ्यावेत. लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात त्वचा निर्जीव दिसते. रंगीत दिवे मागून आणि बाजूने शोभतात. दिव्यांची संख्या कमी असली म्हणून बिघडत नाही. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात तापस सेन यांनी पाण्याने भरत जाणारी कोळशाची खाण प्रकाशातून उभी केली, आणि तेव्हा संगणकावर चालणारा एकही दिवा नव्हता.

दिव्यांना आज्ञा देण्यासाठी डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ पासून रूढ आहे. एका केबलवरून ५१२ वाहिन्या चालतात, दिवे एकामागून एक जोडले जातात आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर लावतात. माइकची केबल प्लग जुळतो म्हणून वापरली की दिवे अधूनमधून लुकलुकू लागतात. दिवे चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डावर आठवी-नववीच्या मुलांना बसवावे. संवादाच्या कोणत्या ओळीवर कोणता दिवा, हे कागदावर लिहून तालीम घेतली की ती हे काम उत्तम करतात. शिडीवर मात्र मुलांना कधीही चढवू नये.

कोकणातल्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते, तेव्हा तिथे गॅल्व्हनाइज्ड सामानच घ्यावे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत, गॅदरिंगच्या तालमी सुरू होण्याआधी, प्रत्येक शॅकल, क्लिप, सेफ्टी केबल आणि आरसीसीबी तपासून नोंदवहीत लिहावे. आणि शाळा समित्यांना एक आग्रहाची विनंती : टांगणीची भारचाचणी आणि अर्थिंगची तपासणी यांचे लेखी दाखले हाती आल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर करू नये.