एजंटच्या हाती स्क्रिप्ट देताना...

'एजंट' म्हटलं की आपल्याला अजूनही विमा विकणारे काका आठवतात. पण सध्या हॉस्टेलमध्ये ज्याची चर्चा चालते तो एजंट वेगळा. चॅटबॉट नुसतं उत्तर सांगतो. क्लॉड कोड किंवा कोडेक्ससारखा कोडिंग एजंट आपल्या फोल्डरमधल्या फाइली वाचतो, कमांड चालवतो, आलेलं आउटपुट बघतो आणि पुढची पायरी स्वतः ठरवतो. काम सांगा की पाच मिनिटांत पायथॉनची स्क्रिप्ट तयार!

मग जुन्या स्क्रिप्ट जपून ठेवायच्याच कशाला, असं काही जण विचारतात. याचं उत्तर एका लोखंडी सळईत आहे.

समजा, सिव्हिलच्या लॅबमध्ये १२ मिमी व्यासाची, एफई ५०० प्रतीची सळई यूटीएमवर ओढली आणि ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेसला भार मिळाला ५६ किलोन्यूटन. एजंटने नाममात्र व्यास धरून स्क्रिप्ट लिहिली तर क्षेत्रफळ येतं ११३.१ चौ. मिमी आणि स्ट्रेस ४९५ मेगापास्कल. या प्रतीला किमान ५०० हवा. म्हणजे सळई नापास! पण आयएस १७८६ सांगतं की अशा रिब असलेल्या सळईचं क्षेत्रफळ वजनावरून काढा. किलोमधलं वजन भागिले (०.००७८५ गुणिले मीटरमधली लांबी). एक मीटरचा तुकडा ०.८६० किलो भरला असेल तर क्षेत्रफळ १०९.६ चौ. मिमी आणि स्ट्रेस ५११. सळई पास!

सळई तीच, भार तोच, दोन्ही स्क्रिप्ट एकही एरर न देता चालल्या. फरक फक्त गृहीतकाचा. एजंट दरवेळी नवी स्क्रिप्ट लिहीत असेल तर आज कोणतं गृहीतक धरलं हे कोण बघणार? म्हणून एकदा नीट तपासलेली स्क्रिप्ट जपायची आणि एजंटला तीच वापरायला लावायची. पण त्याला ती सापडली पाहिजे, कळली पाहिजे. नवीन सत्र सुरू झालं की कालचं बोलणं सहसा त्याच्यासमोर नसतं. जे फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच त्याचं ज्ञान. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये आम्ही जे नियम पाळतो ते सांगतो.

पहिला नियम नावाचा. 'फायनल', 'फायनल टू', 'नवीन फायनल' ही नावं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! 'सळई प्रूफ स्ट्रेस काढा' असं काम सांगणारं नाव द्या. एका स्क्रिप्टला एकच काम. मूळ रीडिंग एका फोल्डरमध्ये, स्क्रिप्ट दुसऱ्यात, निकाल तिसऱ्यात. मूळ रीडिंगला कोणत्याही स्क्रिप्टने हात लावायचा नाही.

दुसरा, डॉकस्ट्रिंग. फाइलच्या अगदी वर चार गोष्टी लिहा: काय करते, इनपुट कोणत्या एककात, आउटपुट कुठे जातं आणि गृहीतक कोणतं. 'क्षेत्रफळ वजनावरून, आयएस १७८६ प्रमाणे' ही एक ओळ वरचा सगळा घोळ टाळते. 'गुळगुळीत सळईसाठी वापरू नये' हेही लिहा. कुठे वापरायची नाही, हे बहुतेक जण लिहायचं विसरतात.

तिसरा, स्क्रिप्टने मध्येच प्रश्न विचारू नये. 'इनपुट' फंक्शन कीबोर्डची वाट बघत थांबतं आणि एजंटही तिथेच अडकतो. फाइलचा पत्ता कोडमध्ये कोंबू नका. तो 'आर्गपार्स' वापरून बाहेरून घ्या. हे मॉड्यूल २०१० सालच्या पायथॉन २.७ पासून सोबतच मिळतं आणि दोन डॅश लावून 'हेल्प' म्हटलं की वापर कसा करायचा ते छापतं. एजंटला कोड उघडायचीही गरज पडत नाही.

चौथा, चूक झाली तर स्पष्ट बोला. काम नीट झालं तर एक्झिट कोड शून्य, नाहीतर दुसरा आकडा. 'एरर आली' एवढ्याने भागत नाही. 'वजनाचा कॉलम सापडला नाही, किलोमध्ये द्या' असं लिहा, म्हणजे एजंट स्वतः दुरुस्ती करू शकतो. फाइली पुसणाऱ्या किंवा बदलणाऱ्या स्क्रिप्टला नुसतं 'काय करणार' ते दाखवणारा ड्राय रन ठेवाच.

पाचवा, लायब्ररींची यादी स्क्रिप्टच्याच डोक्यावर लिहा. पेप ७२३ मध्ये त्याची ठरलेली पद्धत आहे आणि 'यूव्ही' हे टूल ती वाचून लागेल ते स्वतः बसवतं. शेजारच्या रूमच्या लॅपटॉपवर चालत नाही, ही तक्रार बरीच कमी होते.

शेवटचा, अनुक्रमणिका. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये 'एजंट्स डॉट एमडी' फाइल ठेवून प्रत्येक स्क्रिप्टवर एकच ओळ लिहा. सगळं तिथे ओतू नका, कारण एजंटच्या नजरेत एका वेळी मावणारा मजकूर मर्यादित असतो. अँथ्रोपिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेल्या 'स्किल्स'ची कल्पना हीच आहे. आधी फक्त नाव आणि वर्णन दिसतं, बाकीचं गरज पडली की उघडतं. म्हणून वर्णनाच्या ओळीवर मेहनत घ्या. एजंट निवड करतो ती तिच्यावरूनच.

आणि हो, प्रत्येक स्क्रिप्टसोबत हाताने सोडवलेलं एक उदाहरण ठेवा. ५६ किलोन्यूटन, ०.८६० किलो, १ मीटर, उत्तर ५११. कोणीही, माणसाने वा एजंटने, कोडला हात लावला की आधी हे उदाहरण चालवायचं. उत्तर बदललं तर थांबायचं.

यात एजंटपुरतं असं फार थोडं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दरवर्षी फायनल इयरची बॅच पास आउट होते आणि तिच्या स्क्रिप्ट लॅबच्या पीसीवर अनाथ पडून राहतात. एजंटला कळेल असं लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या ज्युनियरलाही कळेल. आणि वायवाला सरांनी 'हे क्षेत्रफळ कुठून आलं?' विचारलं, तर 'एजंटने काढलं' हे उत्तर चालणार नाही. डॉकस्ट्रिंगमधली ती एक ओळ मात्र नक्की चालेल!