दौंड बरोबर, शिरूर आभाळात

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "रविवारी गेम करत बसतोस, त्याचा पीएचडीला काय उपयोग?" गेम म्हणजे काय, तर घोडनदीकाठच्या शिरूरहून भीमेकाठच्या दौंडपर्यंत उडत जायचं. शत्रू नाहीत, पॉइंट नाहीत.

जमीन मात्र खरी हवी होती. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती, एसआरटीएम, फुकट मिळते. एकेका अंशाचा चौकोनी तुकडा, नाव त्याच्या नैऋत्य कोपऱ्यावरून. शिरूर आणि दौंड दोन्ही १८ उत्तर, ७४ पूर्व या एकाच तुकड्यात येतात. ३६०१ ओळी, प्रत्येक ओळीत ३६०१ उंच्या, साधारण तीस-तीस मीटरवर. हेडर वगैरे काही नाही, एका उंचीला दोन बाइट.

फाइल वाचली आणि तपासायला दौंडजवळचा एक बिंदू घेतला. ५१४ मीटर. नकाशातही तेवढेच. झालं! पुढचे दोन रविवार ऊन-सावल्या रंगवण्यात गेले. पण पडद्यावर शिरूरच्या बाजूला नुसतं सुयांचं रान. मी शेडरला शिव्या घालत होतो.

शेवटी विममध्ये एक कळ बांधली. ती दाबली की कर्सरखालचे दोन बाइट दोन्ही क्रमांनी वाचून दाखवते (विमसोबत एक्सएक्सडी येतंच, काम दहा-बारा ओळींचं). शिरूरकडच्या एका बिंदूचे बाइट निघाले ०२ ३०. हे सोळाच्या पद्धतीतले आकडे, म्हणजे २ × २५६ + ४८ = ५६०. फाइलमध्ये मोठा बाइट आधी असतो. माझा लॅपटॉप लहान बाइट आधी धरतो. त्याच्या हिशेबाने ४८ × २५६ + २ = १२,२९०. शिरूर एव्हरेस्टच्याही वर!

आणि दौंड? ०२ ०२. उलटं वाचा, सुलटं वाचा, ५१४च.

म्हणजे माझी चाचणी ही चूक पकडूच शकत नव्हती. शेजारचा ५१५ चा बिंदू घेतला असता तर ७७० दिसले असते आणि पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून प्रयोगशाळेतला डेटा तपासतानाही आधी विचारतो: कोड चुकला असता तर हा आकडा वेगळा आला असता का? नसेल, तर तो बिंदू बाद.

दुरुस्ती नमपायमध्ये एका चिन्हाची होती. ती केल्यावर सुया गेल्या, पण जमीन इतकी सपाट निघाली की उंची पाचपट ताणावी लागली. त्यावर पुढच्या वेळी.