संशोधनाच्या नावावर खपवलेले हजारो कोटी

बायोमासचा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो: ‘सरकारने संशोधनावर हजारो कोटी ओतले, निघाले काय? राख!’ शेरा चटपटीत आहे, हिशेब मात्र साफ चुकीचा. पुरावा म्हणून दोन आकडे फेकले जातात, ८५८ कोटी आणि १९६९.५० कोटी. पहिला राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्याचा. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची फोडही दिली होती: ६०० कोटी कचऱ्यापासून ऊर्जेला, १५८ कोटी ब्रिकेट-पेलेट आणि उसाच्या चिपाडाखेरीज इतर बायोमासवरच्या सहवीजनिर्मितीला, १०० कोटी बायोगॅसला. हा पैसा मुख्यतः संयंत्रे उभारण्याचा. दुसरा आकडा पेंढ्यासारख्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याच्या २०१९ च्या ‘जी-वन’ योजनेचा. त्यातले १८०० कोटी १२ व्यावसायिक प्रकल्पांसाठी, म्हणजे प्रकल्पामागे जास्तीत जास्त १५० कोटी. आणि १५० कोटी १० प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी. प्रयोगशाळेच्या थोडाफार जवळ जाणारा हिस्सा हा शेवटचा. आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा खरोखरचा संशोधन कार्यक्रम? २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २२८ कोटी, तेही सौर, पवन, हायड्रोजन, बायोगॅस अशा सगळ्यांत वाटून. जैवतंत्रज्ञान विभागाचा निधी यात धरलेला नाही, हे मान्य. पण शेरा मारणारेही तो धरत नाहीत.

यावर दुसरा प्रश्न तयारच असतो: पेंढा जाळायला संशोधन कशाला लागते? बॉयलर चालवणाऱ्याला विचारा. भाताच्या पेंढ्याच्या राखेत सिलिका भरपूर, त्यात पोटॅश आणि क्लोरीन. राख लवकर वितळते, बॉयलरच्या नळ्यांवर थर धरून बसते आणि नळ्या गंजतात. इथेनॉल करायचे तर त्याहून बिकट. लिग्निनच्या वेढ्यातला सेल्युलोज आधी वाफ आणि आम्ल देऊन मोकळा करायचा, मग महागडी विकरे वापरून त्याची साखर करायची. शिवाय या खटाटोपात निघणारी झायलोज ही साखर मळीवर काम करणारे नेहमीचे यीस्ट आंबवतच नाही. ‘एवढा फायदा असेल तर कंपन्या करतील की’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. असे प्रश्न सुटायला वर्षानुवर्षे लागतात, आणि सुटले की उत्तराचा फायदा प्रतिस्पर्ध्यालाही मिळतो. पहिल्या अपयशाचा खर्च एकट्याने कोण सोसेल? मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्राला जैवतंत्रज्ञान विभागाने निधी दिला, तेव्हा कुठे त्यांची प्रक्रिया २०१६ मध्ये काशीपूरला रोज १० टन बायोमासवर चालवून पाहता आली. पुण्याच्या ‘प्राज’ने दौंडजवळ स्वतःचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, हेही खरे. पण त्याच तंत्रज्ञानावरचा इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना (२०२२; वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल) ९०० कोटींच्या वर गेला, तोही सरकारी कंपनीचा.

आणखी एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा: अमेरिकेतही असे पैसे बुडाले. बुडालेच. जॉर्जियातल्या सोपर्टनच्या ‘रेंज फ्युएल्स’ या इथेनॉल कंपनीला ऊर्जा खात्याने २००७ मध्ये ७.६ कोटी डॉलरपर्यंतचे अनुदान कबूल केले, कृषी खात्याने ८ कोटींच्या कर्जाला हमी दिली. २०११ मध्ये कारखाना बंद पडला आणि पुढच्या वर्षी ५१ लाख डॉलरना विकला गेला. पण हा पैसा कसला होता? तंत्र पक्के होण्याआधीच कारखाना उभारण्याचा. या उदाहरणावरून संशोधनाचा निधी कापा म्हणणे म्हणजे पाया कच्चा राहिला म्हणून पुढच्या घराला पायाच नको म्हणण्यासारखे आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. पेट्रोलमधले इथेनॉल पेंढ्याचे नाही. जवळपास सगळे उसाचे आणि मका-तांदळासारख्या धान्याचे आहे. निधी प्राध्यापकांच्या खिशात जातो म्हणणाऱ्यांनी २०१७ चे सामान्य वित्तीय नियम वाचावेत: उपयोगिता प्रमाणपत्र तर लागतेच, अनुदानावर मिळालेले व्याजसुद्धा भारताच्या संचित निधीत भरावे लागते. संशोधनाचा निधी फक्त आयआयटींना मिळतो असेही नाही. त्याच २२८ कोटींच्या कार्यक्रमात सरकारी आणि ना-नफा संस्थांना खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत, उद्योग व स्टार्टअपना ५० ते ७० टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. आणि बायोमास म्हणजे आपोआप शून्य कार्बन, हे आपल्याच बाजूच्या लोकांनी बोलणे थांबवावे: गठ्ठे बांधणारा ट्रॅक्टर आणि ते वाहणारा ट्रक डिझेलवरच चालतो, आणि पेंढ्याबरोबर शेतातले पोटॅशही जाते.