हिगान : जपानी घरातले सात दिवस

पितृपक्ष लागला की वस्तीतल्या आयाबाया हळूच विचारतात, "भाऊ, पान ठेवलं तर काय बिघडलं? म्हातारीची आठवणच काढायची नाही का?" बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती कर्मकांडाविरुद्ध आहे, आठवणीविरुद्ध नव्हे. जवळपास त्याच दिवसांत जपानची बौद्ध कुटुंबे काय करतात, ते म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

मार्च व सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात. तो दिवस मध्ये धरून मागचे-पुढचे तीन-तीन, असे सात दिवस 'हिगान'. हिगान म्हणजे पैलतीर. अलीकडचा तीर तृष्णेचा, पलीकडचा निर्वाणाचा. जायचे ते पारमितांच्या बळावर. आपण दहा पारमिता म्हणतो, महायानात सहा : दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा. सहा दिवस एकेका पारमितेचे आणि मधला दिवस गेलेल्यांच्या स्मरणाचा, असा हिशेब सांगतात. मधल्या दिवशी सरकारी सुटी असते. १९४८ च्या कायद्यात सप्टेंबरच्या सुटीचा हेतूच पूर्वजांचा आदर व मृतांचे स्मरण असा लिहिला आहे.

घरात 'बुत्सुदान' नावाचे लाकडी देवळीवजा कपाट असते. ते पुसून फुले, उदबत्ती, भात ठेवतात. मग सारे कुटुंब बादली-झाडू घेऊन कबरीवर जाते. तिथे घरच्यांच्या अस्थी असतात. गवत उपटायचे, दगड घासून धुवायचा, पाणी वाहायचे. पोरेही राबतात.

घरी 'ओहागी' होते. चिकट तांदळात थोडा साधा तांदूळ घालून भात शिजवायचा, अर्धवट कुटायचा, गोळे वळायचे आणि त्यांवर शिजवलेल्या लाल अझुकी दाण्यांचे गोड पुरण थापायचे. चिमूटभर मीठ हवेच. शरदात दाणा नवा व मऊ, म्हणून सालासकट. वसंतात साल जून होते, म्हणून गाळून. हाच पदार्थ वसंतात 'बोतामोची' होतो. नावे त्या-त्या ऋतूच्या फुलांवरून पडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटण्याची रीत आहे.

सारेच आदर्श आहे असे समजू नका. इ. स. ८०६ मधला पहिला नोंदलेला हिगान पाठ सावारा या राजपुत्रासाठी झाला. पदच्युत होऊन तो मेला आणि राजदरबाराला त्याच्या आत्म्याची धास्ती होती. म्हणजे मुळाशी भीतीच!

आणि एक गोष्ट आपल्या काळजाला भिडणारी. जपानमध्ये मृताला भिक्षूकडून धम्मनाम मिळते, ते कबरीवर कोरतात. कातडी कमावणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे माथी मारलेल्या बुराकू समाजाच्या कित्येक माणसांना भिक्षूंनी 'जनावर', 'नीच' अशा अर्थाची अक्षरे असलेली नावे दिली. बुद्धाच्या नावाने! हिगानला लेकरे जो दगड धूत, त्यावर आजोबाची जात कोरलेली असे. १९७९ साली प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका प्रमुखाने जपानमध्ये असा भेदभावच नाही, असे सांगितले. बुराकू संघटनांनी त्यांना धारेवर धरले. १९८४ साली त्यांना ते विधान मागे घ्यावे लागले. पंथाने माफी मागितली आणि मंदिरांच्या वह्या तपासून तसली नावे बदलण्याचे, नवे दगड बसवण्याचे काम हाती घेतले.